खारातल्या काकडीचे डोहाळे

सूनबाईला दिवस गेल्याची बातमी मुलाने फोनवर सांगितली, तेव्हा मी लंडनमध्ये, हॅरोला आमच्या नेहमीच्या भाजीच्या दुकानात उभी होते. मी इतक्या जोरात "अगं बाई!" म्हणाले की गल्ल्यावरच्या बाईंनी काय झालं म्हणून विचारलं, आणि कारण कळल्यावर माझ्या पिशवीत जास्तीची लिंबं टाकली. या गडबडीत मुलाचं पुढचं वाक्य मी नीट ऐकलंच नाही. ते घरी येऊन परत फोन लावल्यावर कळलं.

"आई, शी कान्ट कीप एनीथिंग डाउन. पाणीपण नाही राहत पोटात. तू येशील का?"

माझा मुलगा इथेच जन्मला, इथेच वाढला. मदत मागणं म्हणजे समोरच्याला त्रास देणं, अशी त्याची इंग्रजी समजूत आहे. त्याने आपण होऊन "तू येशील का" म्हणावं म्हणजे पाणी गळ्याशी आलेलं असणार. मी आमच्या ह्यांच्यासाठी स्वयंपाक करून फ्रीझर ठासून भरला. डब्यांवर नावं लिहून चिकटवली, कारण सांबार आणि आमटी यांतला फरक आमच्या ह्यांना पहिला घास पोटात गेल्याशिवाय कळत नाही. आणि मुलाच्या गाडीत बसून मिल्टन कीन्सला निघाले.

मिल्टन कीन्सला राउंडअबाउट इतके आहेत की धडधाकट माणसालाही मळमळावं. एकाला वळसा घालून जरा सरळ बसावं तर दुसरा हजर. मी मुलाला म्हटलं, "त्या पोरीला रोज यातून ऑफिसला नेत होतास? मग ती ओकेल नाही तर काय करेल?" तो म्हणाला, "आई, इट्स हॉर्मोन्स." मी म्हटलं, "बरं, हॉर्मोन्स तर हॉर्मोन्स, पण जरा हळू घे."

सूनबाई मूळची रशियाची. शिकायला नॉटिंगहॅमला आली, तिथे माझ्या मुलाशी गाठ पडली, आणि पुढे दोघं नोकरीसाठी मिल्टन कीन्सला आली. ती माझ्याशी इंग्रजीत बोलते, मी तिच्याशी इंग्रजी-मराठीची मिसळ करून बोलते. "आई", "बास" आणि "अजिबात नाही" हे मात्र तिला अस्सल मराठीत येतं आणि ती ते योग्य जागी वापरते. एरवी उंच, गोरीपान, खांदे ताठ ठेवून चालणारी मुलगी. तिने दार उघडलं तेव्हा ती ओळखू येईना. गालफडं बसलेली, डोळ्यांखाली काळं, आणि हाताचं मनगट बघवत नव्हतं. मिडवाइफने सांगितलं होतं की वजन असंच उतरत राहिलं तर हॉस्पिटलात दाखल करून ड्रिप लावावी लागेल. आणि तिला हॉस्पिटलचं नाव काढलेलं चालत नव्हतं. तिचे वडील पक्षाघात झाल्यावर फार काळ हॉस्पिटलात होते. घरी आले ते अंथरुणावरच.

मी कंबर कसली. आलेपाक, मोरावळा, आवळासुपारी, साळीच्या लाह्या, लिंबाचं सरबत, सगळं तिच्यासमोर मांडून झालं. ती बिचारी प्रत्येकाची चिमूट तोंडात टाकायची, माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करायची आणि मग जिन्याकडे धाव घ्यायची. डॉक्टरांच्या गोळ्याही तशाच वर येत होत्या. माझ्या फोडणीने तर कहरच केला. तेलात हिंग पडला मात्र, वर बाथरूमचं दार आपटल्याचा आवाज आला. त्यानंतर मुलाने फार लाडात येऊन विचारलं, "आई, फोडणी गार्डनमध्ये करशील का?"

मी म्हटलं, "मी काय वडापावची गाडी लावलीय?" पण दुसऱ्या दिवशी कॅम्पिंगची शेगडी घेऊन, अंगावर कोट चढवून, मी गार्डनमध्येच फोडणी केली. शेजारची म्हातारी कुंपणावरून बघत होती. तिला वास आवडला असावा, कारण ती बराच वेळ आत गेली नाही.

एका संध्याकाळी सूनबाई सोफ्यावर पडली होती आणि मी तिच्या तळपायांना तेल चोळत होते. डोळे मिटूनच ती म्हणाली, "आई, मला रसोल्निक खावंसं वाटतंय."

"काय?"

"सूप असतं. खारवलेली काकडी आणि जव. माझी आई करते."

म्हणजे डोहाळे लागले! मला इतका आनंद झाला की तेलाची वाटी सांडता सांडता राहिली. इतके दिवस तिला कशाकशाची शिसारी आहे हेच आम्ही ऐकत होतो, आता पहिल्यांदा काहीतरी हवं होतं. आमच्याकडे गर्भारशीच्या तोंडून निघालेली इच्छा खाली पडू द्यायची नाही. डोहाळे पुरवले नाहीत तर बाळाची लाळ गळते, असं मी मुलाला बजावलं. तो म्हणाला, "आई, सगळ्याच बाळांची लाळ गळते." मी म्हटलं, "कारण सगळ्यांच्या आज्या माझ्यासारख्या तत्पर नसतात. ऊठ, गाडी काढ."

सुपरमार्केटात जव लगेच मिळाले, मसुराच्या शेजारीच होते. जव म्हटले की मला भटजींनी सांगितलेलं श्राद्धाचं सामान आठवतं, काळे तीळ, दर्भ आणि जव. त्याचं सूप करून गर्भारशीला घालायचं म्हणजे जरा चमत्कारिकच वाटलं. मी मनातल्या मनात देवाची माफी मागितली. मुलाने फोनवर कृती शोधली होती. तिच्यात पहिलीच ओळ गुरं-ढोरांच्या कुठल्यातरी अवयवाची होती. मी फोन त्याच्या हातात परत दिला आणि म्हटलं, "हे वगळून बाकीचं वाच."

काकड्याही मिळाल्या, छोट्या बरणीतल्या, सँडविचमध्ये घालतात त्या. आम्ही मायलेकांनी मिळून सूप केलं आणि झाकण काढलं. व्हिनेगरची अशी काही वाफ आली की माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. सूनबाई जिना उतरत होती, ती मधल्याच पायरीवरून माघारी फिरली. मी ते सूप सिंकमध्ये ओतलं. इतकी चिडले होते की कोणावर चिडावं तेही कळेना, म्हणून मुलावर चिडले.

मग तिनेच समजावून सांगितलं. व्हिनेगर नाही चालत. काकड्या नुसत्या मिठाच्या पाण्यात मुरवायच्या, बरोबर लसूण आणि शेपू घालायचा. कालांतराने पाणी गढूळ होतं आणि आंबट लागतं. तो खार सुपात घालायचा, खरी चव त्याचीच.

मी कपाळाला हात लावला. मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या, मिरच्या यांवर वाढलेली मी, मला खार म्हणजे काय हे सांगावं लागावं! आणि वर शेपू! ज्या भाजीवरून माझा मुलगा लहानपणी ताटावरून उठून जायचा, ती भाजी त्याची बायको मिटक्या मारत खाते, हे मला लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मी मुंडावळ्या स्वतःच्या हाताने गुंफल्या असत्या.

"तुझ्या आईला फोन लाव," मी म्हटलं. "त्यांनी सांगायचं, मी करायचं."

ती म्हणाली, "तिला माहीत नाही. मी आजारी आहे हे तिला सांगितलेलं नाही. सगळं मस्त चाललंय असंच सांगते. फोन नेहमी मान वर करून, चेहऱ्यापासून लांब धरून करते."

"का पण?"

"तिला पप्पांना सोडून रात्रभरही कुठे जाता येत नाही. कळलं तर एक तर ती काहीतरी वेडेपणा करून इकडे यायला निघेल, नाही तर येता येत नाही म्हणून तिकडे रडत बसेल. मला दोन्ही नको. तुम्ही तिला काही कळू देणार नाही. प्रॉमिस?"

मी प्रॉमिस केलं. पोटुशी बाई रडवेली होऊन काही मागते तेव्हा कोण नाही म्हणेल? पण मला ते पटलं नव्हतं. मी नॉटिंगहॅमला मुलाला शिकायला सोडून आले होते तेव्हा तो तापाने फणफणलेला असताना "आय ॲम फाइन" म्हणायचा, आणि मला नंतर त्याच्या मित्राकडून कळायचं. तेव्हा माझा झालेला संताप मी विसरलेले नाही.

ठरलं असं, की सासूला रशियन स्वयंपाक शिकायची हौस आली आहे असं सांगायचं. शनिवारी दुपारी विहीणबाईंना व्हिडिओ कॉल लावला. मुलगा सकाळीच पूर्व युरोपच्या वाण्याकडून खारातल्या काकड्यांचा डबा घेऊन आला होता आणि मग मी त्याला हॅरोला वडिलांची खबर घ्यायला पिटाळलं होतं. स्वयंपाकघरात तो नुसता वाटेत उभा राहतो. फोन मी ओट्यावर कणकेच्या डब्याला टेकवून ठेवला. सूनबाई खिडकीजवळ खुर्चीत, कॅमेऱ्याच्या बाहेर. अंगात नवऱ्याचा ढगळ हूडी. आवाज तेवढा तिचा.

विहीणबाई पडद्यावर आल्या. लग्नात भेटलो होतो तेव्हा त्यांच्या डोक्यावर हॅट होती, आज रुमाल होता आणि मागे त्यांचं स्वयंपाकघर. माझ्यासारख्याच ठेंगण्या, रुंद, आणि नजर माझ्याहून तिखट. आम्हा दोघींना एकमेकींच्या भाषेतला एक शब्द येत नाही. त्यांना इंग्रजीही येत नाही. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला आणि सूनबाई हसली.

"आई विचारतेय, तुमचा मुलगा पितो का? आमच्याकडे रात्री जास्त झाली की सकाळी लोक हा खार पितात."

"त्यांना सांग, माझा मुलगा ताकसुद्धा मोजून पितो," मी म्हटलं. हे भाषांतर झाल्यावर विहीणबाईंचा चेहरा जरा निवळला, पण पुरता नाही.

मग शिकवणी सुरू झाली. मांसाचा प्रश्न त्यांनीच सोडवला. त्यांची आई उपासाच्या दिवसांत वाळवलेले मश्रूम घालून हेच सूप करायची. उपासाला जव कसे चालतात हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण म्हटलं, ज्याचा त्याचा उपास. जव त्यांनी आधी वेगळे शिजवायला लावले आणि त्यांचं पहिलं चिकट पाणी ओतून द्यायला लावलं. मला जव किती फुगतात याचा अंदाज नव्हता, त्यामुळे मी तांदूळ घेते तसे घेतले होते. ते पातेलं भरून वर आले. विहीणबाईंनी पडद्याला नाक लावून पाहिलं आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या.

"काय म्हणाल्या?"

"जास्त आहेत," सूनबाई म्हणाली.

हे असंच चाललं होतं. तिकडून एक लांबलचक व्याख्यान यायचं आणि इकडे "कांदा बारीक" एवढंच माझ्या पदरात पडायचं. मधूनच तिकडे आतल्या खोलीतून हाक यायची, विहीणबाई उठून जायच्या, आणि आम्ही त्यांची रिकामी खुर्ची बघत बसायचो. एकदा मी त्यांनी सांगायच्या आतच बटाटे पातेल्यात सोडले आणि काकड्या बाजूला ठेवल्या. आंबट आधी पडलं तर बटाटा शिजत नाही, हे मला शिकवायची गरज नव्हती, आयुष्यभर वरणात आमसूल शेवटीच घालत आले आहे. विहीणबाईंनी ते पाहिलं, बोलता बोलता थांबल्या आणि मान डोलावली. ते भाषांतराशिवाय कळलं. मला परीक्षेत पहिली आल्यासारखं वाटलं.

काकड्या चिरल्या, थोड्या पाण्यात मऊ केल्या आणि सुपात घातल्या. खार गाळून, उकळून घातला. मी धास्तावून खिडकीकडे पाहिलं. सूनबाई खुर्चीतच होती आणि नाक वर करून वास घेत होती. इतक्या दिवसांत ती वासापासून पळाली नाही असं पहिल्यांदाच घडत होतं. मी लगबगीने शेपू चिरायला घेतला.

पडद्यावर विहीणबाई हवेतला चमचा तोंडाशी नेत होत्या.

"आई म्हणतेय, चव घ्या."

"आम्ही नाही चव घेत," मी म्हटलं.

आणि खरंच घेत नाही. शिजत असताना चाखलं की ते उष्टं झालं, मग ते देवाला कसं दाखवणार आणि माणसांना कसं वाढणार? माझ्या आईने घेतली नाही, सासूबाईंनी नाही, मी नाही. मिठाचा अंदाज हाताला असतो, कमीजास्त वासावरून कळतं. शंभर माणसांचा स्वयंपाक मी न चाखता केला आहे आणि कोणी मीठ मागितलेलं नाही. हे सगळं मी सूनबाईला ऐकवलं, जरा तोऱ्यातच. तिने आईला रशियनमध्ये काहीतरी दोन शब्दांत सांगितलं आणि विहीणबाई समाधानाने मागे टेकल्या. "चव घेतली, छान झालंय" असं तिने परस्पर ठोकून दिलं होतं, हे मला नंतर कळलं.

मी वाटी भरली, वर सावर क्रीमचा गोळा आणि शेपू घातला आणि खिडकीपाशी नेऊन तिच्या हातात दिली. तिने दोन्ही तळव्यांत वाटी धरली, डोळे मिटले, आणि एक मोठा चमचा तोंडात घातला.

काय झालं ते मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. हाताच्या सवयीने मी कांद्यावर मीठ टाकलं होतं, बटाट्यांच्या पाण्यात टाकलं होतं, आणि मग वरून अख्खा खार ओतला होता. सूप नव्हतंच ते, समुद्र होता. ती तोंडावर हात दाबून उठली आणि सिंककडे धावली. सिंक कॅमेऱ्याच्या बरोब्बर समोर.

बराच वेळ ती वाकून राहिली. पोटात काही नव्हतंच, नुसते उमासे. हूडीची बाही कोपरापर्यंत वर सरकली होती. मी तिची पाठ चोळत होते आणि पाण्याचा नळ सोडला होता, आणि मग लक्षात आलं की ओट्यावरून आवाज येत नाहीये.

विहीणबाई आपल्या मुलीचा हात बघत होत्या.

त्यांनी मुलीला काहीतरी विचारलं. ती मान न वळवताच, तोंड पुसत, हसल्यासारखं करून काहीतरी म्हणाली. त्यांनी पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर आलं. मग त्यांनी तिच्याकडे बघणं सोडलं आणि माझ्याकडे पाहिलं. दोन बोटांनी स्वतःचे गाल आत ओढले, मुलीकडे बोट केलं, आणि भुवया वर करून थांबल्या.

"आई, नाही," सूनबाई म्हणाली. मराठीत.

मला काय वाटलं ते सांगते. मला सूनबाईची दया आली आणि मला तिचा रागही आला. त्या बाईची मुलगी सुकत चालली होती, आणि सगळ्यांना ते माहीत होतं, मिडवाइफला, माझ्या नवऱ्याला, शेजारच्या म्हातारीला. फक्त आईला नव्हतं. मी प्रॉमिस केलं होतं, पण ते मी आईसमोर केलं नव्हतं. मी विहीणबाईंकडे बघून मान हलवली. हो.

मग मायलेकींचं भांडण झालं ते मला अगदी शब्दन् शब्द समजलं, कारण ते माझं माझ्या मुलाशी पूर्वीच भांडून झालं होतं. तू का सांगितलं नाहीस. तुला त्रास नको म्हणून. माझा त्रास मी बघेन. सूनबाई रडली, विहीणबाई रडल्या, मीही रडले, आणि सूप मंद आचेवर खदखदत होतं. तिकडे आतून हाक आली. विहीणबाईंनी मागे न बघता काहीतरी ओरडून सांगितलं आणि हाक थांबली. मग डोक्यावरचा रुमाल सोडून त्यांनी डोळे पुसले, परत बांधला, आणि कडक आवाजात एक प्रश्न विचारला.

"सुपाला काय झालं, विचारतेय," सूनबाई म्हणाली. "आता मला सगळं सांगावं लागणार."

"सांग. मीठ झालंय, म्हणावं. सासूने चव घेतली नाही."

तिने सांगितलं. विहीणबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझ्या सासूबाई परवडल्या. मग त्या खाली वाकल्या आणि एक कच्चा बटाटा उचलून कॅमेऱ्यासमोर नाचवला. खारट झालं की हा टाकायचा. मी म्हटलं, "थांबा थांबा, आमच्याकडे कणकेचा गोळा टाकतात," आणि त्या भरात कणकेचा डबाच उचलला. त्याला टेकवलेला फोन उताणा पडला. तिकडून विहीणबाईंना आता माझ्या मुलाच्या घराचं छत दिसत होतं आणि त्या कुठूनतरी ओरडत होत्या. सूनबाई हसायला लागली. रडता रडता हसत होती, बरगड्यांना हात लावून.

बटाटा टाकला, कणकेचा गोळाही टाकला, पण आमच्या समुद्राला ते कुठले पुरायला! शेवटी माझे ते फुगलेले जवच कामी आले. अळणी होते, भरपूर होते. मोठं पातेलं काढून त्यात सगळं ओतलं, जव घातले, पाणी वाढवलं, आणखी बटाटे शिजवून घातले. आणि विहीणबाईंनी हुकूम सोडला. चव घ्यायला मुलीला पातेल्यापाशी उभं करा. लहानपणी ती स्टुलावर उभी राहून हेच काम करायची, आणि ती "झालं" म्हणेपर्यंत त्यांच्या घरी सूप खाली उतरायचं नाही.

सूनबाई उभी राहिली. मी चमचाभर सूप फुंकून पुढे केलं. तिने ओठ लावले. "खारट." मी पाणी घातलं, जव घातले. पुन्हा चमचा. "अजून खारट." तिने तो चमचा सरळ पातेल्यात बुडवला आणि स्वतःच पुन्हा चाखलं. माझा हात दुसरा चमचा घ्यायला ड्रॉवरकडे गेला होता. उष्टा चमचा परत पातेल्यात म्हणजे आमच्याकडे अख्खं पातेलं बाद. पण ती गिळत होती. थोडं थोडं, पण गिळत होती, आणि मी ड्रॉवर बंद केला. ती म्हणाली, "आता मिरी." मग, "आता थोडं आंबट हवं." मी खाराचे थेंब टाकले. तिने चाखलं, विचार केला, चमचा भरून माझ्यापुढे धरला.

"आई, तुम्ही बघा."

मी चाखलं. त्याच चमच्याने. शेपू, मिरी, काकडीचा आंबटपणा, आणि जव दाताखाली मऊ. छान झालं होतं. विहीणबाई पडद्यावर श्वास रोखून बसल्या होत्या. मी अंगठा दाखवला.

तोवर चव बघता बघता तिने दोन वाट्या तरी पोटात घातल्या होत्या आणि तिचं तिलाच कळलं नव्हतं. मी ते बोलून दाखवलं नाही. वाटी भरून दिली. ती ओट्याला टेकून, उभ्यानेच, पळीसारखा मोठा चमचा घेऊन खात राहिली. आम्ही दोघी बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. मी ओटा पुसला, तो आधीच पुसलेला होता. विहीणबाई त्यांच्या टेबलावरची मिठाची डबी इकडून तिकडे सरकवत होत्या. मला हेवाही वाटला, खोटं कशाला बोलू. इतके दिवस मी जीव तोडून करत होते आणि शेवटी पोरीच्या पोटात टिकलं ते आईच्या हातचं. पण हात तर माझेच होते.

खाऊन झालं आणि खरी परीक्षा सुरू झाली. एरवी पोटात काही गेलं की ती लगेच जिन्याकडे धावायची. मी तिला सोफ्यावर बसवलं, बादली पायाशी ठेवली, फोन समोरच्या टीपॉयवर उभा केला. ती जिन्याकडे बघत होती, मी तिच्याकडे, आणि विहीणबाई आम्हा दोघींकडे. तिने एकदा छातीवर हात ठेवला. मी बादली उचलली. तिने मान हलवून नको म्हटलं, मोठी ढेकर दिली आणि लाजली. मग उशीवर मान टेकली, पाय वर घेतले, आणि बघता बघता तिचे डोळे मिटले.

किती दिवसांनी ती अशी गाढ झोपली होती कोण जाणे. तोंड किंचित उघडं, एक हात पोटावर.

मी फोन उचलला. आता बोलायचं कसं? भाषांतर करणारी तर झोपली होती. "बरं आहे, ठेवते," असं मराठीतच म्हणणार होते, पण विहीणबाईंनी हात वर करून थांबवलं. मी फोन फिरवला आणि त्यांची मुलगी त्यांना दाखवली. चेहरा दाखवला, मग पोटावरचा हात दाखवला, मग जरा जवळ जाऊन श्वास दाखवला, वर-खाली होणारा. तिकडे खिडकीत अंधार पडला होता आणि त्यांनी दिवा लावला नव्हता. फोन धरून माझा हात दुखायला लागला तरी मी तो तसाच धरला.

मग त्यांनी खूण केली. खांद्यावरची शाल दोन्ही हातांनी पुढे ओढली आणि मुलीकडे बोट दाखवलं. मी माझी शाल काढली आणि एका हाताने सूनबाईच्या अंगावर घातली. त्यांनी मान हलवली. अजून खाली, पायांपर्यंत. मी शाल पायांपर्यंत ओढली, आणि दोन्ही पावलं नीट झाकली.